मदत नावाची फाइल

पहाटे ५:४०

टाकळी विंचूर. अप्पांनी आज कांद्याची चाळ फोडली आहे. मार्चअखेर काढलेला उन्हाळ कांदा दोन माणसं पाट्यांनी ट्रॉलीत टाकताहेत, आणि अप्पा मधूनच एखादा उचलून दाबून बघतात. मी ओट्यावर चहा घेत फोनवर रात्रीचा निरोप वाचते आहे. खळ्यावरचा संगणक रात्री दहाला दिवसभराच्या पट्ट्यांची, म्हणजे शेतकऱ्यांना दिलेल्या हिशेबाच्या कागदांची, बेरीज करतो आणि ती जुळली की नाही ते एका ओळीत कळवतो. काल जुळली.

"आज काय निघंल गं?" अप्पा विचारतात.

लासलगावच्या एका व्यापाऱ्याकडे मी हिशेबाचं काम बघते, म्हणून मला उद्याचा भाव कळतो असा घरात समज आहे. मला झालेला भाव मोजता येतो, व्हायचा नाही. हे दर हंगामात एकदा सांगावं लागतं.

सकाळी ७:२०

आमची कचेरी म्हणजे विंचूर रोडच्या खळ्यावरची पत्र्याची खोली. एक संगणक, एक प्रिंटर, गणपतीचा फोटो, तीन वेगवेगळ्या पतसंस्थांची कॅलेंडरं. दाराबाहेर ढीग, आणि त्याच्याभोवती बसून गोल्टी, गोल्टा, मोठा माल वेगळा करणाऱ्या बायका. टरफलं उडून कळफलकात जातात. महिन्यातून एकदा तो उलटा करून झटकला की मूठभर निघतात.

नेट नाही. वीज आहे हेच पुष्कळ, असं म्हणून कामाला लागते. नेट नसल्यानं माझं फारसं अडत नाही, कारण जे लागतं ते 'मदत' नावाच्या एका फाइलमध्ये आहे.

दोन वर्षांपूर्वी इथं आले तेव्हा सगळा हिशेब एक्सेलमध्ये होता, आणि एका पत्रकातली बेरीज दुसऱ्या पत्रकात हातानं जायची. मी नोडजेएसवर छोटे छोटे आदेश लिहायला घेतले. टर्मिनल उघडायचं, एक शब्द टाइप करायचा, पुढे तारीख द्यायची, पट्ट्या तयार. खिडक्या नाहीत, बटणं नाहीत. जावास्क्रिप्ट १९९५ मध्ये ब्राउझरसाठी जन्मली आणि २००९ मध्ये रायन डाल यांनी नोड आणून तिला ब्राउझरच्या बाहेर काढलं, म्हणून ती आज कांद्याच्या खळ्यावर बसू शकते. पहिले चार आदेश लिहून झाल्यावर लक्षात आलं की प्रत्येकाच्या वरच्या चाळीस ओळी सारख्याच आहेत. फाइल उघडा, आकडे वाचा, चुकलं तर थांबा. एकीकडे दुरुस्ती केली की बाकी तीन ठिकाणी ती राहून जायची. मग त्या ओळी उचलून एका जागी ठेवल्या. आज त्या फाइलमध्ये नऊ फंक्शन्स आहेत आणि कुठल्याही आदेशाचं स्वतःचं काम पंधरा-वीस ओळींत संपतं.

जावास्क्रिप्टमध्ये फंक्शनला देवनागरी नाव चालतं, हे पुष्कळ प्रोग्रामरना माहीत नसतं. मी सुरुवातीला हौसेनं बाजारातलीच नावं दिली होती. फाइल उचलून आणणारा 'हमाल', आकडे तपासणारा 'मापारी', संदेश छापणारा 'पुकार'. सहा महिन्यांनी 'हमाल' नेमकं काय उचलतो ते मलाच आठवेना. आता नावं रुक्ष आहेत: फाइलवाच, आकडा, तारीख, विचार, थांब. वाचून कंटाळा येतो, पण अर्थ लागतो.

हे सगळं स्वतः कशाला लिहायचं, तयार पॅकेजं असतात की, असं नाशिकचा माझा एक वर्गमित्र म्हणतो. असतात. मार्च २०१६ मध्ये लेफ्टपॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकानं एनपीएम या पॅकेजांच्या कोठारातून काढून घेतलं आणि जगभरातली मोठमोठी कामं अडली. ते काय करायचं? शब्दाच्या डावीकडे मोकळी जागा भरायचं. ८ सप्टेंबर २०२५ ला त्याच्या उलट झालं. टर्मिनलवर रंगीत अक्षरं दाखवणारं चॉक आणि त्याच्यासोबतची दीड डझन पॅकेजं सांभाळणाऱ्याला एक फसवी मेल आली, त्याच्या खात्याची किल्ली चोरांच्या हाती गेली आणि पॅकेजांत चोरीचा कोड शिरला. लाल अक्षरात 'चूक' एवढं छापण्यासाठी मला तो धोका नको. नोडमध्ये आता रंगासाठी स्वतःची सोय आहे, आणि आदेशापुढचे पर्याय वाचायला २०२२ पासून पार्सआर्ग्ज आहे. त्याआधी लोक प्रोसेस आर्गव्ही ही यादी हातानं चाळायचे. तिच्यातल्या पहिल्या दोन नोंदी तुमच्या नसतातच, एक नोडचा पत्ता आणि दुसरा फाइलचा. हे विसरून मी एकदा फाइलच्या पत्त्यालाच तारीख समजून बसले होते.

तरी एक्सेलची फाइल उलगडायला मी पॅकेजच वापरते. ते माझं काम नव्हे.

सकाळी ९:००

लिलाव. खरं तर माझं तिथं काही काम नसतं, पण आठवड्यातून एकदा तरी जाऊन उभी राहते. लासलगावची बाजार समिती १९४७ ची. आशियातली कांद्याची सर्वांत मोठी बाजारपेठ असं तिच्याबद्दल सगळीकडे लिहितात, आणि मेमधल्या एखाद्या सकाळी ट्रॅक्टरांच्या ओळी बघितल्या की त्यावर वाद घालावासा वाटत नाही. समितीचा माणूस पुकारत पुढे, त्याच्यामागे व्यापाऱ्यांचा घोळका, एका ट्रॉलीपाशी जेमतेम मिनिट. कुणी मूठभर कांदा उचलतो, कुणी टरफलाचा रंग बघतो, कुणी नुसता पुकारणाऱ्याकडे बघून मान हलवतो. भाव क्विंटलवर ठरतो आणि कागदावर लिहिला जातो. शेतकरी तो कागद घेऊन ट्रॅक्टर काट्यावर नेतो, भरल्या गाडीचं वजन होतं, खळ्यावर माल उतरतो, मग रिकाम्या गाडीचं वजन.

म्हणजे माझ्याकडे एका गाडीमागे तीन आकडे येतात. भाव, भरलेलं वजन, रिकामं वजन. माझा सगळा व्यवसाय या तीन आकड्यांवर चालतो, आणि ते तिन्ही घामट बोटांनी लिहिलेले असतात.

सकाळी १०:४५

पहिला गठ्ठा आला. मुनीमकाका पावत्या एकेक करून संगणकात भरतात. कळफलकावर ते इंग्रजी आकडे वापरतात, पण त्यांचा पुतण्या सुट्टीत मदतीला येतो तो मराठी कळफलक लावून बसतो. म्हणजे एकाच रकान्यात दोन लिप्यांचे आकडे.

'मदत'मधलं सर्वांत जुनं फंक्शन 'आकडा' आहे. त्याच्याकडे मजकूर द्यायचा आणि त्यानं संख्या परत द्यायची. वाचणाऱ्याला वाटेल यात काय एवढं. मलाही तसंच वाटलं होतं.

जावास्क्रिप्टला देवनागरी १२५० ही संख्या वाटत नाही. ती 'नॅन' म्हणते, म्हणजे ही संख्याच नव्हे. हे बरं, निदान कळतं तरी. स्वल्पविराम मात्र जास्त दगाबाज. काकांनी सवयीनं भाव १,२५० असा लिहिला, आणि मी तेव्हा पार्सइंट वापरत होते. पार्सइंट डावीकडून वाचत जातं आणि अंक नसलेलं काही दिसलं की तिथंच थांबतं. एक वाचला, स्वल्पविराम आला, थांबलं. भाव झाला क्विंटलला एक रुपया. २६.६० क्विंटलची पट्टी निघाली २६ रुपये ६० पैशांची.

हसू नका. ती पट्टी छापली गेली, आणि ज्याच्या हातात पडली तो शेतकरी ओरडला नाही. त्यानं ती दोनदा वाचली आणि विचारलं, "हमाली-तोलाई वजा जाऊन एवढेच उरले का?"

त्याचा तो प्रश्न मी विसरू शकत नाही, कारण त्याला तसं वाटायला आधार होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकला. किलोला रुपया भाव लागला, खर्च वजा गेला आणि त्याच्या हातात दोन रुपयांचा धनादेश पडला. सगळ्या वर्तमानपत्रांत आला होता तो धनादेश. तेव्हा 'इतकी कमी रक्कम असूच शकत नाही, तिथं थांब' असं मी प्रोग्रामला सांगू शकत नाही. असू शकते. कांद्याच्या बाबतीत अशक्य असा भाव नाही, खालीही नाही आणि वरही नाही.

म्हणून 'आकडा' आता फक्त रूप तपासतं. देवनागरी अंक बदलून घेतं, स्वल्पविराम काढतं, मागे काही लटकलेलं असेल तर नाकारतं. रक्कम संशयास्पद वाटली तर निर्णय घेत नाही, 'विचार' या दुसऱ्या फंक्शनला बोलावतं. ते टर्मिनलवर मराठीत प्रश्न टाकतं: "पावती १४, भाव क्विंटलला ९० रुपये. बरोबर आहे?" नुसतं एंटर दाबलं तर उत्तर 'नाही' धरतं. 'हो' हा शब्द पुरा टाइप करावा लागतो. काकांनी यावर दोन दिवस कुरकुर केली.

दुसरी गंमत रिकाम्या रकान्याची. पार्सइंट काढून मी जावास्क्रिप्टचं नंबर वापरायला लागले आणि निश्चिंत झाले. त्याला रिकामा मजकूर दिला तर ते चक्क शून्य देतं. चूक नाही, इशारा नाही, शून्य. एक दिवस रिकाम्या गाडीचं वजन भरायचं राहिलं. भरलेलं ६,२४० किलो, रिकामं ३,५८० असायला हवं होतं, ते झालं शून्य. साडेसव्वीस क्विंटलच्या जागी बासष्ट क्विंटल. ३३,२५० ची पट्टी ७८,००० वर गेली. म्हणजे त्या दिवशी आमच्या शेठनी ट्रॅक्टर आणि ट्रॉली कांद्याच्या भावानं विकत घेतली. काकांच्या नजरेला ते पडलं, कारण एका ट्रॉलीत बासष्ट क्विंटल मावत नाही हे त्यांना संगणकाशिवाय कळतं. शेठ मला काही बोलले नाहीत, नुसतं विचारलं, "ट्रॅक्टर कुठल्या कंपनीचा होता?"

त्या संध्याकाळी 'आकडा'मध्ये तीन ओळी वाढल्या. तेव्हा आमचे सहा आदेश चालू होते, पण तीन ओळी एकाच जागी घातल्या आणि सहाही शहाणे झाले.

दुपारी १:१५

डबा. भाकरी, ठेचा, आणि अर्थात कांदा. दुपारच्या सत्राचे ट्रॅक्टर लागायला लागलेत.

दुपारी २:३०

शेठना संध्याकाळी बैठकीत मांडायला एक तक्ता हवा आहे: निर्यातबंदीच्या आधीचे आणि नंतरचे आमच्या खरेदीचे भाव. केंद्रानं ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यात थांबवली. ४ मे २०२४ ला ती उघडली, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. त्या सप्टेंबरात किमान मूल्य काढलं, शुल्क निम्म्यावर आणलं, आणि १ एप्रिल २०२५ ला शुल्कही गेलं. इथल्या कुठल्याही शाळकरी पोराला या तारखा विचारा, सणवारांसारख्या सांगेल.

माझ्याकडे जुन्या नोंदी आहेत, आदेश आधीच्याच तुकड्यांतून अर्ध्या तासात जुळतो. फक्त तारखांना हात लावताना मी अजून दोनदा श्वास घेते. आपण ०८-१२-२०२३ लिहितो तेव्हा ती आठ डिसेंबर असते. जावास्क्रिप्ट तिला अमेरिकन पद्धतीनं वाचते: बारा ऑगस्ट. आणि १३-१२-२०२३ दिली तर तेरावा महिना नसल्यानं 'अवैध तारीख' म्हणते. म्हणजे महिन्यातले पहिले बारा दिवस गुपचूप चुकतात आणि तेराव्या दिवसापासून आरडाओरडा सुरू होतो. पहिल्या आठवड्यात तपासणी केली असती तर मला सगळं सुरळीत वाटलं असतं.

ते निस्तरलं तर दुसरं. मध्यरात्रीची भारतीय वेळ आयएसओ पद्धतीत छापली की ती साडेपाच तास मागे जाते, कारण ती ग्रिनिचची वेळ असते. आठ डिसेंबर छापताना सात होते. माझ्या पहिल्या तक्त्यात बंदीच्या दिवसाचे भाव आदल्या दिवशी दिसत होते. एखाद्यानं तो कागद बघून म्हटलं असतं, या लोकांना बंदीची खबर आधीच होती.

'तारीख' हे फंक्शन म्हणून आडमुठं लिहिलं आहे. दिवस, महिना, वर्ष या क्रमानंच घेतं, तुकडे स्वतः पाडतं, आणि जावास्क्रिप्टला अंदाज करायची संधीच देत नाही. आत ती तारीख नुसता मजकूर म्हणून राहते, वर्ष आधी आणि दिवस शेवटी, म्हणजे क्रमवारी आपोआप लागते. हुशार फंक्शनांचा मला आता कंटाळा आलाय.

दुपारी ४:१०

तक्ता छापायचा. यासाठी पूर्वी 'मदत'मध्ये एक फंक्शन होतं, रकाने सरळ रेषेत आणणारं. आता नाही. त्याची हकीकत सांगते.

रकाना सरळ यायला प्रत्येक शब्दामागे योग्य तेवढी मोकळी जागा भरावी लागते, आणि त्यासाठी शब्दाची लांबी कळावी लागते. 'विंचूर'ची लांबी किती? आपण म्हणू तीन: विं, चू, र. जावास्क्रिप्ट म्हणते सहा, कारण ती व, वेलांटी, अनुस्वार, च, उकार, र असं सुटं मोजते. 'निफाड' तिच्या लेखी पाच आणि 'लासलगाव' सात. इंग्रजी नावांचा तक्ता सुबक आणि मराठी नावांचा दात पडल्यासारखा दिसायचा. मग इंटल सेगमेंटर सापडलं, जे अक्षरं आपल्यासारखी मोजतं: विंचूर तीन, निफाड तीन, लासलगाव पाच. मी खूश. पण टर्मिनल स्वतः अक्षराला किती जागा देईल हे त्याच्या मर्जीवर. एक टर्मिनल कान्याला वेगळं घर देतं, दुसरं देत नाही. घरच्या लॅपटॉपवर सरळ आलेला तक्ता खळ्यावर तिरका. मी त्या फंक्शनमध्ये तीन रविवार घातले.

शेवटी ते पुसून टाकलं. आता तक्ता हवा असला की आदेश एक साधं वेबपान लिहितो आणि ते ब्राउझरमध्ये उघडतं. रकाने आखायचं काम ब्राउझर तीस वर्षं करत आलाय, त्यानं करावं. आकड्यांनाही सोपं झालं. मराठीची खूण दिली की नोड आपणहून १,२५,००० असं लाखांच्या जागी स्वल्पविराम देऊन देवनागरीत लिहितो. शेठना तो कागद आवडला. "छापखान्यातला वाटतो," म्हणाले.

संध्याकाळी ६:००

पैशांची वेळ. शेतकरी पट्टीसाठी दारात. कुणाला रोख हवे, कुणाला खात्यावर. खात्यावरच्यांची एक फाइल बनते आणि बँकेच्या पोर्टलवर चढते. इथं मी एकदा नवशिकेपणा केला होता. आदेशाच्या शेवटी कौतुकानं '४१ पट्ट्या वाचल्या' असं छापत होते, आणि आउटपुट सरळ फाइलमध्ये वळवलेलं. ती कौतुकाची ओळही फाइलमध्ये गेली आणि पोर्टलनं सगळी फाइल परत केली. माणसासाठीचं बोलणं वेगळ्या नळातून जायला हवं. युनिक्सच्या जुन्या लोकांनी त्यासाठीच स्टँडर्ड एरर नावाचा दुसरा नळ ठेवलाय. आता 'थांब' आणि बाकी बोलघेवडी फंक्शन्स त्याच नळातून बोलतात.

काका आदेश चालवतात. लाल अक्षरं.

"पावती ३७: रिकाम्या गाडीचं वजन भरलेलं नाही. काम थांबवलं. फाइल लिहिलेली नाही."

पूर्वी अशा वेळी इंग्रजीत बारा ओळी यायच्या आणि काका मला हाका मारत सुटायचे. आता ते चष्मा वर करून स्वतःच वाचतात. 'थांब' आणखी एक करतं, बाहेर पडताना शून्याऐवजी एक हा कोड देतं. पुढचा आदेश तो कोड बघतो आणि सुरूच होत नाही. अर्धवट फाइल बँकेत जात नाही.

"मशीन अडकलं का?" पावती ३७ चा मालक दारातून विचारतो. त्याला मनमाडच्या पुढे जायचंय, अंधाराच्या आत.

"मशीन नाही भाऊ, पावती अडकलीय," काका म्हणतात. "रिकामी गाडी काट्यावर नेली होती ना?"

"नेली तर! तुमच्याच पोराच्या हातात दिली पावती."

पुतण्याचं तोंड उतरतं. गठ्ठा पुन्हा मोजला जातो, टेबलाचा खण, प्रिंटरची मागची बाजू, चहाच्या ट्रेखाली. मी बसल्या बसल्या विचार करते की हरवलेल्या पावत्यांसाठी आणखी एक फंक्शन लिहावं का, तेवढ्यात काका ३६ नंबरची पावती नखानं सोलतात आणि तिच्या पाठीला चिकटलेली दुसरी निघते. कांद्याच्या पाण्यानं दोन्ही कागद एक झाले होते. ३,४१० किलो. काका भरतात, आदेश पुन्हा चालतो, प्रिंटर घरघरतो. ४१ पट्ट्या.

ते फंक्शन मी लिहीत नाही.

रात्री ९:००

घरी. अप्पांची ट्रॉली दुसऱ्या व्यापाऱ्याकडे गेली होती, हातानं लिहिलेली पट्टी घेऊन आलेत. जेवण झाल्यावर ती माझ्यापुढे सरकवतात. निळी शाई, वळणदार आकडे, दोन घड्या. मी वजनातून वजन वजा करते, भावानं गुणते, हमाली-तोलाई-वाराई काढते. तोंडीच.

"बरोबर?"

"बरोबर आहे."

"मग उद्या दुसरी ट्रॉली भरू," अप्पा म्हणतात, आणि पट्टी भिंतीवरच्या तारेत खोचतात.

दहा वाजता फोन वाजतो. बेरीज जुळली.